कुलपातले धवले

त्या सकाळी मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, बटण दाबलं आणि चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तरी पडद्यावर गोल फिरतच होतं आणि खाली टक्के वाढत होते. नवी सिस्टीम येत होती. येऊ का, येऊ का, असं ती बरेच दिवस विचारत होती. मी दर वेळी ‘नंतर’ दाबत होते. त्या दिवशी तिने विचारलं नाही.

मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचे हे जासईला एका कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करायला होते. निवृत्त झाले तसा हा कॉम्प्युटर घरी घेतला. मला त्यांनी मोजक्या गोष्टी शिकवल्या. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, इंग्रजी अक्षरं कशी लावायची, आणि खाली उजव्या कोपऱ्यातली हिरवी खूण रोज बघायची. ती अँटीव्हायरसची खूण. “ती हिरवी आहे तोवर दाराला कडी आहे असं समज,” म्हणायचे. तिच्यावर दाबलं की खिडकी उघडायची आणि इंग्रजीत एक ओळ यायची. अर्थ त्यांनीच सांगितला होता. तुम्ही सुरक्षित आहात.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. मूलबाळ आम्हाला नाही. नवीन पनवेलच्या या दोन खोल्यांत मी एकटी असते. मला बोलायची सवय कमी, त्यामुळे जिन्यात कुणी भेटलं तरी मी हसून बाजूला होते. पण सकाळी कॉम्प्युटर लावून ती ओळ वाचायची, हे मी चुकवलं नाही. दिवसभरात माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही असे पुष्कळ दिवस गेले. तेवढी ओळ तरी असायची.

तर नवी सिस्टीम आली, सगळी चित्रं मधोमध जाऊन बसली, आणि वर एक पिवळी पट्टी आली. तीन ओळी इंग्रजी. हे सांगून गेले होते, “पिवळी पट्टी आली तर घाबरायचं नाही, यस दाबायचं. लाल आली तर मला हाक मार.” मी अक्षर अक्षर लावून दोन शब्द वाचले. एक ‘जुना’ असा होता, दुसरा ‘काढणे’ असा. वाटलं, जुना कचरा काढणार असेल. यस दाबलं. पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा यस दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. कोपऱ्यातली हिरवी खूण नव्हती.

खुर्चीवर बसून मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग एकदम आठवलं की त्या अँटीव्हायरसच्या पोटात आई होती.

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी धवल्यांवर चालतात. हळदीला, तेलाला, मांडवाला, पोरगी निघते त्या वेळेला, प्रत्येकाचा वेगळा धवला. तो म्हणते ती धवलारीण. आई चिरनेरच्या बाजूची. दिवसभर मिठागरावर काम करायची आणि लग्नसराईत लोक तिला बोलवायला यायचे. मी लहान असतानाच ती विधवा झाली होती, पण धवलारणीला त्याची आडकाठी नसते. मी तिची पिशवी घेऊन मागे मागे जायची. मांडवात तिच्या पाठीशी बसायची. सगळे धवले मला तिच्याबरोबर यायचे, पण माझे नुसते ओठ हलायचे. आवाज निघायचा नाही. बायका हसायच्या. आईच म्हणायची, “माजी मुकी हाय ती. तिला इचारू नका.”

आईचा एक नियम होता. मांडव नसताना धवला बोलायचा नाही. उगाच म्हटला तर घराला रडू लागतं, म्हणायची. भांडी घासताना, मीठ ओढताना ती दुसरं काहीबाही गुणगुणायची, धवला कधी नाही. त्यामुळे घरी बसून शिकायची सोयच नव्हती. मांडवातच शिकायचं. आणि मी तर मांडवात मुकी.

म्हातारपणी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन इथे पनवेलला केलं. पंधरा दिवस माझ्याकडे होती. काळा चष्मा लावून खुर्चीत बसून कंटाळायची. तिचं आणि ह्यांचं चांगलं जमायचं, माझ्यापेक्षा जास्त. हे म्हणाले, “आई, तुमचे धवले मशीनमध्ये भरून ठेवतो.”

“मांडव कुठं हाय?” आई म्हणाली.

हे खाली गेले. बाजारातून आंब्याचे डहाळे आणले आणि कॉम्प्युटरच्या टेबलाच्या चारही पायांना सुतळीने बांधले. “हा घ्या मांडव. हात लावून बघा.”

आईने वाकून चारही पाय चाचपले. “बुटका हाय,” म्हणाली. “पन चालंल.”

चार दुपारी ती गायली. मी आत स्वयंपाकघरात, दाराआड. समोरचं काही दिसत नाही म्हणून तिला लाज वाटत नव्हती. तसं तिला कधीच लाज वाटली नाही, ती सगळी माझ्या वाटणीला आली. शेवटच्या दिवशी तिने ह्यांना दटावलं, “आता हे मांडव नसताना वाजवायचा नाय. कुलपात ठेव.”

हे म्हणाले, “ठेवतो.” अँटीव्हायरसमध्ये एक तिजोरी असते. तिच्यात ठेवलेली फाइल परवलीच्या शब्दाशिवाय कुणाला उघडता येत नाही. तिथे ठेवले. दुसरीकडे कुठेही ठेवले नाहीत, कारण आईला शब्द दिला होता. “आई, कुलपाचा शब्द तुम्हीच सांगा,” हे म्हणाले. आईने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दोघं इतकी हसली की काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. मी चहा गाळत होते. तिथूनच ओरडले, “डोळ्यांना त्रास होईल.” काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

आई गेली. मग हे गेले. तिजोरी एकदाही उघडली नव्हती. आमच्याकडे मांडवच पडला नव्हता.

आणि आता पडणार होता. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न महिनाभरावर आलं होतं. वहिनीचा फोन आधीच येऊन गेला होता. “अगो, आईचे धवले तुज्याकरं हायत ना मशीनमदी? पोरीला तेच पायजेत. गावात आता कोन धवलारीन ऱ्हायली नाय. आमी स्पीकर लावू, तू फकस्त घेऊन ये.”

“आणते,” असं मी म्हटलं होतं.

अँटीव्हायरसवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन करायला मला दोन दिवस लागले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. फोनवर आधी बाजा वाजला, मग एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा. शेवटी एक मुलगी आली. मी कागद वाचला. ती म्हणाली, “मॅम, आपका वर्जन बहुत पुराना है. नये सिस्टम पे नहीं चलेगा. नया डाल दीजिए.”

मी म्हटलं, “उस में मेरी माँ का आवाज है.”

ती पुन्हा म्हणाली, “मॅम, आप नया डाल दीजिए.”

तिने सांगितलं तसं मी नवीन घातलं. सबंध दुपार गेली. नवीन आला पण त्याला तिजोरीचं काही माहीत नव्हतं. फोल्डर दिसायचा, त्याच्यावर दाबलं की हे काय आहे ते मला कळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी यायचं. शिवाय नव्या सिस्टीमचा स्वतःचा एक राखणदार होता. हा म्हणे त्याला बंद करा, तो म्हणे ह्याला बंद करा. दोघांच्या भांडणात कॉम्प्युटर इतका सुस्त झाला की बाण हलवला तर तो आपल्या सवडीने यायचा. आणि जुनी ओळ गेली. नवा रोज लाल रंगात सांगतो, तीन अडचणी आहेत. सकाळी उठून मी तीन अडचणी वाचते. लाल आली की हाक मार, म्हणाले होते. कुणाला मारू?

ह्यांना खोके टाकायची सवय नव्हती. मिक्सरचा खोका, इस्त्रीचा खोका, सगळे माळ्यावर. त्यांत जुन्या अँटीव्हायरसचाही सापडला. आत सीडी आणि आकडे छापलेलं कार्ड. ते आणि कॉम्प्युटरचा डबा घेऊन मी रिक्षाने जुन्या पनवेलात गेले. तिथे एक वयस्क मुसलमान गृहस्थ दुरुस्तीचं दुकान चालवतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, हे त्यांना ओळखत. मी दुकानासमोरून दोनदा पुढे गेले. दोन्ही वेळा आत गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली, “ताई, या ना. हातातलं वजन तरी खाली ठेवा.”

मी सगळं सांगितलं. कागद नव्हता तरी सांगितलं. यस दाबलं, तेही सांगितलं.

“त्यात तुमचा कसूर नाही,” ते म्हणाले. “ही कंपन्यांची मर्जी. घर नवीन बांधतात आणि जुन्या चाव्या फेकून देतात.” त्यांनी डबा उघडला, धूळ झटकली, बराच वेळ काहीतरी बघितलं. “फाइल शाबूत आहे. तिला फक्त तिचा जुना दरवाजा पाहिजे. चार दिवस द्या.”

चार दिवसांनी गेले तर त्यांनी एक जाडजूड, कोपरा फुटलेला लॅपटॉप मांडून ठेवला होता. जुनी सिस्टीम असलेला. त्यात ह्यांची सीडी घातली होती, कार्डावरचे आकडे घातले होते, माझा फोल्डर आणून ठेवला होता. कोपऱ्यात हिरवी खूण होती. मला तिथेच रडू आलं. त्यांनी पंख्याकडे बघत पाणी पुढे केलं.

मग त्यांनी तिजोरीवर दाबलं. एक चौकोन आला. आत बारीक रेघ लुकलुकत होती.

“शब्द?” ते म्हणाले.

इतके दिवस मी या शब्दाचा विचारच केला नव्हता. आधी दार मिळू दे, असंच चाललं होतं. मी म्हटलं, “तो दोघांनाच माहीत होता.”

“मग त्यांना विचारा.”

“दोघंही नाहीत.”

त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “तीन वेळा चुकलं की हे अर्धा तास बंद होतं. बस, एवढंच. फाइल उडत नाही. आरामात आठवा.”

आईच्या गावाचं नाव घातलं. नाही. माझं नाव घातलं. नाही. तिसरा शब्द पहिल्यापासून मनात होता, पण परक्या माणसासमोर सांगायला जीभ उचलेना. दोघं त्या दिवशी माझ्यावरच हसली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. म्हणून तर मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मी टाइप करू का?” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वतः उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी एका बोटाने लिहिलं. मुकी.

नाही.

वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

डब्याबरोबर लॅपटॉपही त्यांनी मला घरी न्यायला दिला. “इथे पडूनच होता. उघडलं की मला ऐकवा,” म्हणाले. मी शब्दांची वही केली. मिठागर, आगर, हळद, मांडव, ह्यांचं नाव, आईच्या बकरीचं नाव. चुकला की काट मारायची. आठ दिवस गेले. लग्नाला दहा राहिले. मग मात्र वहिनीला फोन करायलाच हवा होता.

“वहिनी, धवले उघडत नाहीत,” मी म्हटलं.

“म्हंजे? मशीननं खाल्ले काय?”

“आहेत. कुलपात आहेत. किल्ली नाही.”

मला वाटलं ती आता रागावेल. तर म्हणाली, “लानपनापासून पिशवी तू धरलीस ना तिची?”

“हो.”

“मंग पिशवीतला तुला काय दिसला नाय काय? मशीनला तोंड नाय, तुला हाय. तू बोल.”

“मला नाही जमणार.”

“नाय जमला तर डीजे हायच,” वहिनी म्हणाली. “पोरीला सांगते, आत्या बोलते का डीजे बोलतो ते नंतर कलंल.” आणि फोन ठेवला.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेताना आंब्याचे डहाळे दिसले. ते घेतले आणि घरी येऊन टेबलाच्या चार पायांना बांधले. त्याशिवाय म्हणायचं धाडस मला झालं नसतं. दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, आणि टेबलासमोर जमिनीवर बसले. नेहमीसारखे ओठ हलले. आवाज नाही. तासभर तसंच. मग सगळं आईच्या पाठीमागे बसल्यासारखं करून बघितलं. डोळे मिटले आणि तिची पाठ आठवली, मिठाने विटलेली चोळी, मानेवरचा तीळ. तिच्या पाठीला ऐकू जाईल एवढाच आवाज काढायचा. तो निघाला. घोगरा, पण निघाला.

चार दिवस रोज दुपारी म्हटलं. हळदीचा सगळा आला. तेलाचा मधे तुटतो. मांडवाचा आला. पोरगी निघते त्याच्या पहिल्या दोन ओळी येतात, पुढे काहीच नाही. तो आई म्हणायची तेव्हा सगळ्या रडत असायच्या, मीही रडत असायची, म्हणून तो माझ्यात शिरलाच नसावा. एका दुपारी बेल वाजली. शेजारच्या बाई होत्या. “रेडिओ जरा हळू कराल का? नातू झोपलाय.” मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग दाराला टेकून एकटीच हसले. मला रेडिओ म्हणाल्या.

लग्नात काय झालं ते फार मोठं नाही. हळदीला वहिनीने मला पोरीशेजारी पाटावर बसवलं. कुणीतरी माइक पुढे केला, तो मी बाजूला सारला. डीजेवाले मोबाइल बघत उभे होते. मी डोळे मिटले. पहिल्या ओळीला मागून बायका म्हणाल्या, “मोट्यानं बोल गो, आमी काय मुंग्या हाव?” मला मोठ्याने येईना, तेव्हा त्याच सरकत पुढे आल्या. जितका माझा आवाज लहान, तितक्या त्या जवळ. हळदीचा पुरा झाला. तेलाचा तुटला तिथे मी थांबले, आणि आईच्या वयाची एक म्हातारी, तिला मी ओळखतही नव्हते, तिने दोन शब्द दिले. पुढचं माझं मला आलं.

झाल्यावर तीच म्हातारी म्हणाली, “आईची सर नाय.” मी मान हलवली. “पन चाल तिचीच हाय,” असं म्हणून ती पान खायला निघून गेली.

पोरगी निघाली तेव्हा मी दोन ओळी म्हटल्या. पुढचं नव्हतं. तिथे नुसतं रडणं झालं. नंतर डीजे लागला.

पोरीने सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. गाडीत बसण्याआधी माझा हात धरून म्हणाली, “आत्या, कुठं ठेवू हे?”

“सगळ्यांना देऊन टाक,” मी म्हटलं. “कुलूप लावू नको.”

मी पनवेलला परत आले. दारात चप्पल काढली तेव्हा घरात शिळ्या डहाळ्यांचा वास होता. पानं सुकून टेबलाखाली पडली होती. झाडून काढली. कॉम्प्युटरवर तीन अडचणी तशाच आहेत, आता चार झाल्या. तो मी रोज लावत नाही.

जुना लॅपटॉप मात्र लावते. सकाळी चहा झाला की तीन शब्द. आता लग्नाची घाई नाही, पण पोरगी निघते त्याचं पुढचं त्या तिजोरीतच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आणि ती दोघं कशाला हसली तेही तिथेच आहे. शब्दांच्या वहीत नुसते शब्द लिहून चालेना, म्हणून मी हे सगळं लिहायला घेतलं. त्या दुपारी काय काय झालं, कोण कुठे बसलं होतं, आधी काय बोललं होतं. लिहिता लिहिता सापडेल, असं वाटतं. आईचं ‘बुटका हाय’ असंच आठवलं. तो शब्द नव्हता.

आज हे लिहिताना आठवलं की त्या दुपारी गाळलेल्या चहात मी साखर घालायला विसरले होते. दोघांनी तो तसाच पिऊन टाकला आणि मला सांगितलं नाही. कपबशा विसळताना तळाशी चिकट लागलं नाही, तेव्हा मला कळलं होतं.

उद्याचा पहिला शब्द साखर.